एकट्याचं टेबल

सोमवार, ३ नोव्हेंबर

बायको ताईकडे राहायला गेली. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला असते. एक बॅग, एक शाल आणि स्वतःची उशी घेऊन गेली. उशी नेली याचा अर्थ काय घ्यायचा ते अजून ठरवलेलं नाही. तूर्त 'मानेचा त्रास' असा घेतला आहे.

भांडण अजिबात नाही. मुद्दा किरकोळ. तीन वर्षांपूर्वी नाश्त्याच्या वेळी टोस्टचा एक तुकडा माझ्या घशात अडकला होता. तिने पाठीत बुक्की घातली, तुकडा बाहेर आला, विषय संपला. तेव्हापासून मी जेवताना ती समोर बसते आणि मी गिळेपर्यंत माझ्याकडे बघते. प्रत्येक घासाला. गिळून झालं की मी मान हलवतो, मग ती दुसरीकडे बघायला मोकळी. सुटसुटीत पद्धत आहे. लोकांच्या घरी नवरा-बायको एकमेकांकडे बघत नाहीत म्हणून रडगाणी चालू असतात. आमच्याकडे रोज दोन्ही वेळा बघणं होतं.

तिचं म्हणणं असं की यात तिचं जेवण गार होतं. तीन वर्षं गार जेवतेय म्हणे. मी म्हटलं, मग मायक्रोवेव्ह कशाला घेतलाय? त्यावर ती उशी आणायला आत गेली.

दारात उभं राहून अट घातली. बाहेर जाऊन, एकट्याने, एक अख्खं जेवण जेवून दाखवा. चावायचं जेवण. सूप-बीप चालणार नाही. ते केलंत की मी परत येते.

एवढंच? मी हसलो. ती हसली नाही.

निश्चय: येत्या शुक्रवारी. आणि साध्यासुध्या ठिकाणी नाही, थेट पुलापलीकडच्या त्या मोठ्या विलायती हॉटेलात, टॅव्हर्नमध्ये. तिला तिथे कधीची जायची हौस होती. मीच दर वेळी 'तिथे पार्किंग नसतं' म्हणून पुढे ढकलत आलो. आमच्याकडे गाडी नाही, पण मुद्दा पार्किंगचा होता.

मला भीती वाटत नाही. हे इथे लिहून ठेवतो.

संध्याकाळी दुधात भिजवलेला ब्रेड. उभ्याने. उभ्याने खाल्लं की अन्न सरळ खाली जातं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

टॅव्हर्नला फोन केला. पलीकडे एका बाईचा मखमली आवाज. किती जणांसाठी, असं विचारलं. मी 'एक' म्हणायला तोंड उघडलं आणि 'दोन' म्हणालो. दोन म्हटल्यावर ती एकदम खूश झाली, खिडकीजवळचं देते म्हणाली. दुरुस्ती करायला परत फोन करणार होतो. पण माणसाने शब्द फिरवू नये.

दुपारी, प्रेसमध्ये. आम्ही औषधांच्या खोक्यात घालायची माहितीपत्रकं छापतो. ती पातळ कागदाची, एकदा उलगडली की पुन्हा त्याच घडीत जात नाहीत ती. मी प्रूफं तपासतो. त्यामुळे माणसाच्या शरीरात काय काय बिघडू शकतं याबद्दल माझं वाचन दांडगं आहे. आज डोकेदुखीच्या साध्या गोळीचं पत्रक होतं. त्यातसुद्धा 'क्वचित प्रसंगी गिळण्यास त्रास'. क्वचित म्हणजे कुणाला तरी होतच असणार. त्याचं पुढे काय झालं ते पत्रकात देत नाहीत.

घड्या घालायच्या मशीनवर जो आहे त्याला आम्ही सगळे बकासुर म्हणतो. तो जेवताना बोलतो, हसतो, मध्येच शिट्टी वाजवतो. आज सराव म्हणून मुद्दाम त्याच्यासमोर बसलो. त्याने माझ्या डब्यात डोकावून विचारलं, घरी बाळ आहे का? मी म्हटलं, डाएट.

सायंकाळी दुसरा सराव. एकटा माणूस असेल तर खुर्चीच्या पाठीवर पोट आपटून घशातला तुकडा बाहेर काढता येतो, असं वाचलं होतं. आपटून बघितलं. खुर्ची माझ्यासकट पडली. आवाज ऐकून शेजारचे पीटी सर आले. निवृत्त आहेत, पण गळ्यात अजून शिट्टी असते. मी जमिनीवर का, असं विचारलं. मी म्हटलं, कंबरेचा व्यायाम. त्यांनी पाय अजून ताणायला लावले.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पाहणी. जेवणाच्या सुट्टीत टॅव्हर्नवर जाऊन आलो. आत नाही, बाहेरूनच. सेनापती आधी मैदान बघतो.

जाड लाकडी दार, पितळी कडी, दगडी पायऱ्या. टॅव्हर्न म्हणजे काय ते आज कळलं. वीजही असते, पैसाही असतो, तरी मुद्दाम अंधार ठेवतात. दाराशेजारी काचेच्या चौकटीत मेन्यू लावलाय. भाजलेलं मांस, 'हाडासकट'. ही गोष्ट त्यांनी अभिमानाने लिहिली आहे. मासा 'संपूर्ण', म्हणजे काटे धरून. कोंबडी अर्धी, पण तीही हाडांचीच. हे पत्रक माझ्याकडे तपासायला आलं असतं तर खाली चौकोनात सूचना घातली असती.

खिडकीतून वेटर लोक बघून ठेवले. बहुतेक किरकोळ अंगाचे. एक मात्र दणकट. मनगटं बघून मी त्याचं नाव पैलवान ठेवलं. शुक्रवारी त्याच्याच टापूत बसायचं. यात भीतीचा प्रश्न नाही. दुकानात गेल्यावर माणूस चांगलं वांगं निवडून घेतोच की.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पोट बिघडलंय. उद्याचं रद्द करावं का, असा विचार आला. आला तसा घालवला. पुन्हा आला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
घरी परतल्यावर

झालं! गेलो, बसलो, आलो.

सविस्तर. दार उघडलं तेव्हा तळहात ओले होते. बाहेर दमट हवा होती. पैलवानच सामोरा आला, हे माझं नशीब. खिडकीजवळचं टेबल, दोन ताटल्या, दोन नॅपकिन उभे करून ठेवलेले. शेजारी खिडकीला टेकून एक बारकं टेबल होतं, त्याला खुर्ची एकच. फुलदाणी ठेवायचं असावं.

पैलवानाने अदबीने विचारलं, दुसरे पाहुणे येईपर्यंत थांबायचं ना? माझ्या तोंडून 'हो, मॅडम येतायत' असं गेलं. आता मॅडम यायच्या आहेत म्हटल्यावर त्यांच्याआधी जेवायला सुरुवात करणं कोणत्या सभ्यतेत बसतं? हात बांधले गेले.

वाइन मागवली. वाइन चावावी लागत नाही.

दार उघडलं की त्या दिशेने बघायचं ठरवलं, नाहीतर पैलवानाला शंका यायची. दोन-चारदा नुसतं बघितलं. नंतर नंतर मी खरंच वाट बघायला लागलो. दार उघडायचं, छातीत धस्स व्हायचं, भलतंच कुणीतरी आत यायचं. पलीकडच्या टेबलावरची एक बाई माझ्याकडे बघून मग स्वतःच्या नवऱ्याकडे असं बघायला लागली की त्याने मुकाट्याने तिच्या ग्लासात पाणी ओतलं.

शेवटी मी सांगितलं, मॅडमचं डोकं दुखतंय, निरोप आलाय. माझा फोन मघापासून टेबलावर पालथा पडला होता, हे पैलवानाने बघितलं असणार, पण तो सभ्य माणूस. त्याने समोरचा नॅपकिन उचलून घडी केला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. बरोबर बुक्कीच्या त्या जागी. हात चांगला भारी आहे.

हिशेब असा: गेलो, एकटा. बसलो, एकटा. जेवण हा एक तपशील राहिला.

रविवार, ९ नोव्हेंबर

बायकोचा फोन. गेलात का, असं विचारलं. मी म्हटलं, गेलो होतो, शुक्रवारी. खरंच? खरंच. एकटे? एकटा. इथपर्यंत माझी बाजू स्वच्छ होती.

मग तिने विचारलं, काय खाल्लंत?

तिचा आवाज इतका आनंदात होता की तिला नाराज करवेना. मी म्हटलं, भाजलेलं मांस. हाडासकट. एकदा सुरुवात केल्यावर मेन्यू पाठच होता, त्यावरचे सगळे शब्द सांगून टाकले: मंद आचेवर, लसणाच्या लोण्यात, सोबत भाजलेले बटाटे. मऊ होतं का, म्हणाली. म्हटलं, लोण्यासारखं. हाडाचं काय केलंत? ताटलीतच ठेवलं, दुसरं काय करणार.

मग तिने विचारलं, आणि भीती? मी विचारलं, कसली?

ती म्हणाली, पुढच्या शनिवारी येते घरी. मग म्हणाली, तुम्ही खरंच कमाल केलीत.

फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसलो होतो. खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. जेवण आधी सांगितलं, नंतर जेवणार आहे, एवढाच क्रम उलटा. शनिवारच्या आत प्रत्यक्ष जेवून आलो की सगळं खरं होईल.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दुसरी मोहीम. मी आधी सांगायचं विसरलो, पण या टॅव्हर्नमध्ये एक मोठा दोष आहे. तिथले लोक चांगले आहेत.

मी आत शिरताच पैलवानाने ओळखलं. त्याने हेडवेटरच्या कानात काही सांगितलं, हेडवेटरने कळवळून माझ्याकडे बघितलं आणि दोघांनी मला थेट आतल्या कोपऱ्यात नेलं. तिन्ही बाजूंनी उंच लाकडी पाठी, पुढे मखमली पडदा. आपल्याला इथे कुणी बघणार नाही, साहेब, असं हेडवेटर हलक्या आवाजात म्हणाला.

कुणी बघणार नाही.

मी म्हटलं, मला मध्यभागी बसायला आवडेल. त्याला वाटलं मी भिडेपोटी म्हणतोय. म्हणाला, अजिबात संकोच करू नका. आणि दिवा थोडा बारीक केला.

मेन्यूत मांसावर बोट ठेवलं. ते येईपर्यंत 'आमच्याकडून भेट' म्हणून सूप आलं. सूप म्हणजे पातळ, अशी माझी कल्पना. यांच्या सुपात टोस्टचे चौकोनी तुकडे तरंगत होते. टोस्टचे!

मग मांस आलं. पैलवानाने ताटली ठेवली आणि जायला वळला. मी म्हटलं, जरा थांबता का? तो थांबला. पण थांबला तो भिंतीकडे तोंड करून. मोठ्या ठिकाणचे वेटर पाहुणा चावत असताना त्याच्याकडे बघत नाहीत, तशी त्यांची शिकवणच असते म्हणे. मी म्हटलं, माझ्याकडे बघितलंत तरी चालेल. त्याने चमकून विचारलं, आमच्यापैकी कुणी बघत होतं का, साहेब? मी नाही म्हणतोय तोवर तो हेडवेटरला घेऊन आला. हेडवेटरने माझी माफी मागितली. असं पुन्हा होणार नाही म्हणाला. दोघं बाहेर गेले आणि पडदा पूर्ण ओढून घेतला.

आत मी आणि ते हाड.

एक तुकडा कापला. नखाएवढा. तोंडात घातला. चावायला लागलो. बत्तीस झाले, पुन्हा पहिल्यापासून मोजले. त्याचं पार पीठ झालं होतं, चव केव्हाच गेली होती, आता फक्त गिळायचं. समोर बघितलं. समोर पडदा. घसा आखडला. पलीकडे लोक हसत होते, काटे-चमचे वाजत होते, एवढी माणसं हाताच्या अंतरावर, आणि मी इथे निळा पडलो असतो तरी कुणी पडदा उचलला नसता. सभ्यतेपोटी. थोडी लाळ श्वासनलिकेत गेली आणि खोकला आला, मोठा, खरा. तर पडद्यापलीकडचे सगळे आवाज थांबले. लोक माझ्यासाठी गप्प बसले. त्यांना वाटलं, मी रडतोय.

तुकडा नॅपकिनमध्ये. पैसे टेबलावर. स्वयंपाकघराच्या बाजूने बाहेर.

निष्कर्ष: मांस चामट होतं. ठिकाण अवाच्या सवा नावाजलेलं आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
दुपारी, प्रेसमध्ये

प्रूफात दोन चुका माझ्या नजरेतून सुटल्या. मालकांनी बोलावून विचारलं, बरं नाही का? वजन उतरलंय तुमचं. मी म्हटलं, डाएट लागू पडतंय.

परवा शनिवार. ती येणार. आल्यावर म्हणणार, चला, मला तिथे घेऊन चला. पैलवान म्हणणार, आल्या का एकदाच्या मॅडम? आणि मग संपलं. उद्या जेवायलाच हवं.

एक गोष्ट लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. टोस्ट अडकला त्या दिवशी ती ओट्याशी होती, माझ्याकडे पाठ करून. माझा आवाज फुटेना. टेबलावर हात आपटायचं सुचत होतं, पण हात उचलेना. ती काहीतरी गुणगुणत होती. मी तिच्या पाठीकडे बघत होतो, केसांच्या पिनेकडे, आणि मला कळलं की ही आता वळली नाही तर संपलं. मग ती वळली. माझ्यासाठी नव्हे. साखर अजून हवी का, हे विचारायला वळली.

मी चहात साखर घेतच नसतो तर? हे तिला कधी सांगितलेलं नाही. त्यानंतर मी तिला जेवताना कधी पाठ फिरवू दिली नाही, एवढंच.

बकासुराने न विचारता माझ्यापुढे अर्धं उकडलेलं अंडं ठेवलं. म्हणाला, खा, मी आहे इथे. मी खाल्लं. मग तो दुसरीकडे बोलायला लागला, तेव्हा उरलेलं कागदात गुंडाळून ठेवलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

शांतपणे, जसं घडलं तसं लिहितो.

अंधार पडता पडता टॅव्हर्नवर पोचलो. ठरवलं होतं की दारातच ठणकावून सांगायचं: एक जण, मधलं टेबल, पडदा नको. पायऱ्या चढायच्या आधी सहज खिडकीतून आत बघितलं.

फुलदाणीच्या त्या बारक्या टेबलापाशी, एकुलत्या एका खुर्चीवर, माझी बायको बसली होती.

निळी साडी, तीच जी ती 'कुठे जायचंय नेसून' म्हणून कपाटात ठेवून द्यायची. समोर भाजलेलं मांस. हाडासकट. वाफ निघत होती. मला काचेतून वाफ दिसत होती. तिने तुकडा कापला, चांगला मोठा, तोंडात घातला, आणि डोळे मिटले. एक क्षण माझा श्वास अडकला. पण तिने ते चवीसाठी मिटले होते.

मी आजूबाजूला बघितलं. तिच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. एवढं मोठं हाड, एकटी बाई, आणि सगळे वेटर भिंतींकडे तोंड करून! मग मीच बघत राहिलो. एक घास, गिळला. दुसरा घास, गिळला. ती किती भराभर जेवते हे मला माहीतच नव्हतं. मध्येच बोट चाटलं. वेटरशी काहीतरी बोलून हसली.

पैलवान कसल्यातरी निमित्ताने बाहेर आला आणि मला बघून थबकला. मग त्याने खिडकीतून आत बघितलं. पुन्हा माझ्याकडे. याच का त्या, साहेब? मी बेसावध होतो, मान हलवली. त्याचा चेहरा असा उजळला की जणू त्याचंच लग्न ठरलं. मी म्हटलं, काही बोलू नका. तो म्हणाला, छे छे. आणि आत जाऊन सगळं बोलला. मला काचेतून दिसत होतं. त्याचा हात छातीवर होता.

तिने मान वर केली. मी दिसलो. तीन वर्षांत पहिल्यांदा असं झालं की ती जेवतेय आणि मी बघतोय. काहीतरी खूण करायला हवी होती. मी हात वर केला आणि बोटं जुळवून तोंडापाशी नेऊन सावकाश हलवली. म्हणजे, नीट चावून खा.

तिने काटा खाली ठेवला. शाल घेऊन बाहेर आली. मी म्हटलं, थंडी आहे, आत जा. ती पायरीवरच उभी राहिली.

"ताईकडून निघताना हात कापत होते माझे," ती म्हणाली. "मी कधी एकटी गेलेय का कुठे जेवायला. पण म्हटलं, यांना जमलं तर मलाही जमेल."

मी म्हटलं, मांस जरा चामट नाही का? ती माझ्याकडे बघत राहिली. घास मोजतानाची ती नजर नव्हती.

"तो सांगत होता, साहेबांनी तुमच्यावाचून घाससुद्धा घेतला नाही. त्याला ते प्रेम वाटलं."

पुलावरून गाड्या जात होत्या. मला साखरेचं सांगायचं होतं, पाठीचं, केसांच्या पिनेचं. तोंड उघडलं होतं, हे नक्की.

"मलाही तीन वर्षं तेच वाटत होतं," ती म्हणाली. मग शाल सावरली. "उद्या मी येत नाही. जाते आत, माझं ताट गार होतंय."

ती जेवून उठेपर्यंत मी बाहेर उभा होतो. कुणीतरी लक्ष ठेवायला हवंच होतं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

परिस्थिती वाटते तितकी वाईट नाही. ती प्रत्यक्ष भेटली, बोलली. तब्येत उत्तम दिसली. 'उद्या येत नाही' म्हणाली, याचा अर्थ परवाही नाही असा होत नाही. बिछाना झाडून ठेवला. तिच्या बाजूला उशी नाही, ते बरं दिसेना, म्हणून माझी ठेवली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

साडू आले होते. ताईचे यजमान. तिचे लोकरीचे कपडे आणि तिची मोठी कढई न्यायला. थंडीपुरतंच ना, मी विचारलं. ते कढईकडे बघत हो म्हणाले. चहाबरोबर बिस्किट खाल्लं, तेही बोलता बोलता, कोरडं. ते गिळून होईपर्यंत मी त्यांच्यावरची नजर हलवली नाही. त्यांनी विचारलं, माझ्या चेहऱ्याला काही लागलंय का?

नवा निश्चय. येत्या शुक्रवारी जाणार, समोरासमोर, पडद्याविना, अख्खं जेवण. तिच्या देखत. ती तिथे असेल का, असली तर बघेल का, हे प्रश्न नंतरचे.

गुरुवार, २० नोव्हेंबर

प्रेसमधून टॅव्हर्नला फोन केला. तोच मखमली आवाज. किती जणांसाठी?

मी म्हणालो, एक.

स्पष्ट म्हणालो, पहिल्या प्रयत्नात. बकासुराने मशीनवरून वळून बघितलं. घसा कोरडा नाही, हात कापत नाही. तीन वर्षांत एवढं मोकळं वाटलं नव्हतं.

बाई म्हणाली, माफ करा, एकट्याचं टेबल आमच्याकडे एकच आहे, खिडकीपाशी. ते एका बाईंनी दर शुक्रवारसाठी ठरवून ठेवलंय. कधीपर्यंत, मी विचारलं. तारीख सांगितलेली नाही, म्हणाली. मग जरा थांबून, प्रेमाने, दोघांचं आहे, ते देऊ का?

मी म्हटलं, बघून कळवतो.

संध्याकाळी. आज बसून जेवायचं ठरवलं. भात मऊ शिजवला, बटाटा कुस्करला, वर लोणी घातलं. वाफ चांगली निघत होती. ताट टेबलावर, शेजारी फोन. ताईकडे लावला तर ताई म्हणाल्या, ती आंघोळीला गेलीय, सांगते तिला फोन करायला. म्हटलं, मग आधी बोलून घेऊ. बोलताना जेवू नये, घासाचं लक्ष राहत नाही.

फोनकडे बघत बसलो. लांब आंघोळ असावी.

मग हात ताटाकडे गेला. दोन घास खाल्ले. गिळले, कुणी न बघता, हे नमूद करायला हरकत नाही. पण पुढे जाईना. भात दगडासारखा, बटाटा चिकट, लोणी थिजून पांढरं. मायक्रोवेव्ह हाताच्या अंतरावर होता, उठावंसं वाटेना.

गार जेवण इतकं वाईट लागतं, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.